आधी खिडकी, मग कुंडी : सदनिकेत स्वयंपाकाची पाने वाढवताना

रोपवाटिकेतून हौसेने आणलेली तुळस किंवा कढीपत्त्याचे रोप घरात आल्यावर महिना-दीड महिन्यात पिवळे पडते, एकेक पान गाळते आणि शेवटी कुंडीत नुसती काडी उरते, हा अनुभव सदनिकेत राहणाऱ्या बहुतेकांच्या गाठीशी असतो. मग ‘आमच्या हाताला गुण नाही’ असे म्हणून कुंडी जिन्याखाली जाते. माझ्याकडेही पहिल्या वर्षी हेच झाले. पुण्यातल्या आमच्या चौथ्या मजल्यावरच्या घरात स्वयंपाकघराची खिडकी ईशान्येला आहे. तिथे मी कोथिंबीर, तुळस, गवती चहा आणि कढीपत्ता अशा चार कुंड्या एकाच वेळी मांडल्या आणि सगळ्यांना रोज सकाळी तांब्याभर पाणी घातले. दिवाळीपर्यंत चारही गेल्या. नंतरच्या वर्षांत एक गोष्ट पक्की समजली, ती अशी की घरातली झाडे बहुतेक वेळा उजेड कमी आणि पाणी जास्त या जोडीने मरतात. म्हणून कोणते झाड हवे हे ठरवण्याआधी आपली खिडकी काय देऊ शकते, हे पाहावे.

खिडकीचा उजेड कसा जोखावा

आपल्याकडे, म्हणजे साधारण १८-१९ अक्षांशावर, सूर्य वर्षभर एकाच बाजूला राहत नाही. ऑक्टोबर ते फेब्रुवारी तो दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीतून ऊन घरात आतपर्यंत येते. मेच्या मध्यावर पुण्या-मुंबईत तो दुपारी बरोबर डोक्यावर येतो आणि त्यानंतर जुलैअखेरपर्यंत थोडा उत्तरेला असतो. त्या काळात दक्षिणेच्या खिडकीत थेट ऊन जवळजवळ येतच नाही. थंडीत जोमाने वाढलेले झाड त्याच जागी पावसाळ्यात का मलूल होते, याचे उत्तर अनेकदा इथे सापडते. पूर्वेच्या खिडकीला वर्षभर सकाळचे कोवळे ऊन मिळते आणि पानांच्या झाडांसाठी तीच सर्वांत भरवशाची जागा आहे. पश्चिमेच्या खिडकीतले एप्रिल-मेमधले दुपारचे ऊन पुदिना-कोथिंबिरीची पाने करपवते, म्हणून तिथे त्या दोन महिन्यांत पांढरा पातळ पडदा लावावा. उत्तरेच्या खिडकीत उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ तिरपे ऊन चाटून जाते, एरवी नुसता उजेड असतो.

दिशा कळली तरी समोरची इमारत, वरच्या मजल्याचा सज्जा, काळसर काचा यांमुळे हिशोब बदलतो. त्यासाठी एक साधी परीक्षा करावी. दुपारी बाराच्या सुमारास कुंडी जिथे ठेवायची आहे तिथे पांढरा कागद ठेवून त्याच्या वर हातभर अंतरावर पंजा धरावा. बोटे वेगळी दिसतील इतकी ठसठशीत सावली पडली, तर तुळस, सब्जा, गवती चहा, कढीपत्ता यांचा विचार करता येईल. सावली पडते पण कडा पुसट आहेत, असे असेल तर कोथिंबीर, मेथी, पुदिना आणि पानओवा चालतील. सावली जेमतेम जाणवत असेल, तर तिथे दिव्याशिवाय काहीही लावू नये. लावल्यास रोप लांबट, फिकट आणि मान टाकलेले निघेल. हेही ध्यानात ठेवावे की खिडकीपासून चार-पाच फूट आत गेले की आपल्या डोळ्यांना उजेड तेवढाच वाटतो, पण झाडाला तो अगदीच अपुरा पडतो. म्हणून ‘घरातली बाग’ म्हणजे खिडकीचा कट्टा, ग्रिल किंवा बंद केलेल्या गॅलरीची कड, एवढीच जागा धरावी.

ज्यांची खिडकी डक्टकडे उघडते त्यांनी निराश होण्याचे कारण नाही. विजेच्या साध्या दुकानात मिळणारी पांढऱ्या उजेडाची २० वॅटची एलईडी ट्यूब, जिच्या खोक्यावर ६५०० केल्विन असे लिहिलेले असते, ती रोपांच्या शेंड्यांपासून १५ ते २० सेंटिमीटर उंचीवर आडवी टांगून दिवसाचे १२ ते १४ तास चालू ठेवली, तर कोथिंबीर, मेथी, पुदिना उत्तम येतात. १४ तास धरले तरी महिन्याला साडेआठ युनिटांच्या आतच वीज लागते. जांभळ्या उजेडाचे महागडे दिवे यासाठी आवश्यक नाहीत. छताला लावलेल्या दिव्याचा मात्र झाडाला काही उपयोग होत नाही, कारण अंतर वाढले की उजेड झपाट्याने कमी होतो.

माती आणि वाफसा

सोसायटीच्या आवारातली काळी माती कुंडीत भरू नये. ती ओली असताना चिकट गोळा होते, वाळली की आक्रसून कुंडीच्या कडेपासून सुटते आणि मग घातलेले पाणी त्या फटीतून थेट खाली निघून जाते. मुळांना काहीच मिळत नाही. दोन भाग पोयट्याची (गाळाची, भुसभुशीत) माती, एक भाग चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत आणि एक भाग कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, हे मिश्रण सगळ्या पालेदार झाडांना चालते. कोकोपीटच्या विटेत बऱ्याचदा क्षार असतात, तेव्हा ती भिजवून, पिळून, पाणी दोन-तीनदा बदलून मगच वापरावी. मूठभर निंबोळी पेंड मिसळली तर मातीतल्या किडींना थोडा आळा बसतो. कुंडीच्या तळाला भोक असलेच पाहिजे. श्रीखंडाचा किंवा आइस्क्रीमचा डबा वापरायचा असेल तर तापवलेल्या स्क्रू-ड्रायव्हरने पाच-सहा भोके पाडून घ्यावीत आणि त्यांवर खापरीचे तुकडे किंवा जाळीचा तुकडा ठेवावा.

पाण्याबद्दल शेतकऱ्यांचा एक शब्द आपण उचलावा, तो म्हणजे वाफसा. जमीन ओलीही आहे आणि तिच्यात हवाही खेळते आहे, हाताने दाबली तर गोळा होतो पण टिचकी मारली की फुटतो, अशी जी स्थिती असते तो वाफसा. मुळांना पाण्याइतकीच हवाही लागते, आणि रोजच्या तांब्याभर पाण्याने कुंडीतली सगळी हवा बाहेर ढकलली जाऊन मुळे कुजतात. वरून झाड कोमेजलेले दिसते, आपल्याला वाटते तहानले आहे, आणि आपण आणखी पाणी घालतो. म्हणून वार ठरवून पाणी न घालता बोट मातीत दुसऱ्या पेरापर्यंत घालून पाहावे. आत गारवा लागला तर थांबावे. कोरडे लागले तर खालच्या भोकातून पाणी येईपर्यंत सावकाश घालावे. थोड्या दिवसांनी कुंडी नुसती उचलली तरी वजनावरून अंदाज येऊ लागतो. मातीची भाजलेली कुंडी लवकर सुकते, तेव्हा ज्यांचा हात पाण्याला सढळ आहे त्यांनी तीच घ्यावी, आणि ज्यांना कामाच्या धबडग्यात विसर पडतो त्यांनी प्लास्टिकची.

कुंडीखालच्या ताटलीत साठलेले पाणी अर्ध्या तासात ओतून टाकावे. यात झाडाचे हित आहेच, पण त्याहून मोठी बाब म्हणजे डेंग्यू पसरवणारा डास अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत त्यातून नवे डास बाहेर पडतात. आठवड्यातून एकदा ताटली घासून वाळवावी, कारण ती अंडी ताटलीच्या कडेला चिकटून राहतात. बोअरचे किंवा टँकरचे जड पाणी असलेल्या घरांत मातीवर पांढरी खरपुडी धरते. तसे दिसल्यास वरचा थर खरवडून काढावा आणि पावसाळ्यात बादली लावून साठवलेल्या पाण्याने कुंडी एकदा भरपूर धुऊन घ्यावी.

कोथिंबीर

कोथिंबीर ही सर्वांना हवी असते आणि सर्वांत जास्त निराशाही तीच करते, म्हणून तिच्याबद्दल सविस्तर लिहितो. आपण ज्याला एक धणा म्हणतो ते खरे तर फळ आहे आणि त्याच्या आत दोन बिया असतात. अख्खे धणे पेरले तरी काही उगवतात, पण फार सावकाश. धणे पोळपाटावर पसरून त्यांवरून लाटणे अलगद, एवढ्याच जोराने फिरवावे की प्रत्येक धण्याची दोन अर्धुके व्हावीत. भुकटी झाली तर बी मेले. पूर्वी अंगणात हेच काम चपलेखाली धणे रगडून करत असत. ही अर्धुके रात्रभर पाण्यात भिजवून सकाळी निथळून घ्यावीत. वाण्याकडचे धणे जुने असू शकतात, तेव्हा आधी दहा-पंधरा अर्धुके ओल्या कापडात बांधून रुजतात का ते पाहावे. निम्मीही रुजली नाहीत तर कृषी सेवा केंद्रातून पेरणीचे बी आणावे. तिथले बी औषध चोळलेले असेल तर ते भिजवताना हात धुण्याची काळजी घ्यावी आणि उरलेले बी स्वयंपाकघरात ठेवू नये.

कुंडी पसरट असली तरी किमान १५ सेंटिमीटर खोल हवी, कारण कोथिंबिरीचे सोटमूळ सरळ खाली जाते. त्याच कारणाने तिचे रोप उपटून दुसरीकडे लावलेले तिला सहन होत नाही. जिथे वाढवायची तिथेच पेरावी. बी दोन-दोन सेंटिमीटर अंतराने टाकून वर सेंटिमीटरभर माती पसरावी आणि झारीने हलके पाणी द्यावे. उगवायला आठ ते बारा दिवस लागतात. पाचव्या दिवशी काहीच दिसत नाही म्हणून माती उकरण्याचा मोह होतो, तो आवरावा. पहिल्यांदा जी दोन लांब, अरुंद, गवतासारखी पाने येतात, आणि काहींच्या टोकाला धण्याचे टरफल टोपीसारखे अडकलेले असते, ती कोथिंबिरीसारखी मुळीच दिसत नाहीत. ते तण समजून उपटणारेही पुष्कळ आहेत. तिच्या ओळखीचे कातरलेले पान त्यानंतर मधून येते.

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा तिचा खरा हंगाम. एप्रिल-मेच्या उष्म्यात बी नीट रुजत नाही आणि रुजले तरी रोप चार पाने देऊन लगेच फुलोऱ्यावर येते. त्या वेळी पाने शेपूसारखी बारीक होतात. हा आपला दोष नसतो, उष्णता वाढली की बी धरण्याची घाई करणे हा तिचा स्वभावच आहे. उन्हाळ्यात म्हणून तिचा नाद सोडून पुदिन्याकडे वळावे. पेरणीपासून ३५-४० दिवसांनी बाहेरच्या बाजूचे देठ कात्रीने कापावेत आणि मधला कोवळा कोंब राखावा, म्हणजे दुसरी कापणी मिळते. तिसरीची आशा धरू नये. एक कुंडी कापायला आली की दुसरी उगवलेली असावी, यासाठी दर दोन-तीन आठवड्यांनी एक, अशा तीन कुंड्या आळीपाळीने पेराव्यात. टोपलीएवढ्या कुंडीतून एका वेळी लहानशी जुडी निघते. तेवढ्याने भाजीबाजाराला जाणे सुटत नाही. पण कांदेपोहे पानात वाढताना खिडकीतून चार काड्या तोडून वर पेरता येतात, आणि त्यांचा वास मंडईतल्या जुडीला येत नाही.

पुदिना

पुदिन्यासाठी बी शोधू नये. बाजारातल्या जुडीतून जाड, टणक देठाच्या सात-आठ काड्या निवडाव्यात. बऱ्याच जुड्यांत खालच्या पेरांना पांढरी मुळे फुटलेली काडीही सापडते, ती आधी बाजूला काढावी. प्रत्येक काडी वितभर ठेवून पेराच्या किंचित खाली कापावी, खालची सगळी पाने काढून टाकावीत आणि शेंड्याकडची चार-सहा पाने ठेवावीत. काचेच्या पेल्यात दोन-तीन पेरे बुडतील एवढे पाणी घेऊन हा पेला उजेडात पण थेट उन्हाबाहेर ठेवावा आणि पाणी एक दिवसाआड बदलावे. चौथ्या-पाचव्या दिवशी पेराच्या कडेला मोहरीच्या टोकाएवढे पांढरे उंचवटे दिसतात, आणि आठवडा-दहा दिवसांत त्यांची सुतासारखी मुळे होतात. ती तीन-चार सेंटिमीटर झाली की काड्या मातीत लावाव्यात. मुळे पाण्यातच फार लांब होऊ दिली, तर मातीत रुळायला त्यांना उगाच वेळ लागतो.

पुदिन्याची मुळे आडवी धावतात, म्हणून त्याला खोल कुंडीपेक्षा पसरट टब द्यावा आणि दुसऱ्या कोणत्याही झाडाबरोबर त्याला लावू नये. सहा महिन्यांत तो शेजाऱ्याला हुसकून लावतो. इतरांपेक्षा याला ओल जास्त लागते. खुडताना एकेक पान न तोडता, खाली दोन पेरे राखून पूर्ण काडी कापावी, म्हणजे प्रत्येक पेरातून दोन फुटवे निघतात. सात-आठ महिन्यांनी पाने लहान होऊ लागली आणि धुमारे कुंडीच्या कडेने गोल फिरताना दिसले, की सगळा गड्डा बाहेर काढून त्याचे चार भाग करावेत, एक नव्या मातीत लावावा आणि बाकीचे शेजारीपाजारी द्यावेत.

इतर काही पाने

मेथी सर्वांत सोपी आहे. रात्री भिजवलेले दाणे दाट पेरले की तीन-चार दिवसांत उगवतात आणि २०-२५ दिवसांत भाजीत किंवा थालीपिठात घालता येतात. लसणाच्या पाकळ्या टोक वर करून लहान डब्यात खोचल्या, तर बारा-पंधरा दिवसांत पात मिळते. दोन-तीनदा कापली की पाकळी दमते, मग नवी लावावी. पानओवा, म्हणजे ज्याच्या जाड, लवदार पानांची भजी करतात तो, काडी खोचली तरी लागतो आणि कमी उजेडातही टिकतो. ओवा ज्याच्यापासून मिळतो ती वनस्पती वेगळी, याचा फक्त वास तसा. त्याच्या पानांतच पाणी साठलेले असल्याने माती पूर्ण वाळल्याशिवाय त्याला पाणी देऊ नये. ज्यांना पहिल्यांदाच काही लावायचे आहे त्यांना मी नेहमी हाच सुचवतो.

सब्जा हे फालुद्यातले बी. पास्ता-पिझ्झ्यावर घालतात ती इटालियन तुळस आणि सब्जा एकाच जातीच्या वनस्पती आहेत, त्यामुळे वाण्याकडचा सब्जा पेरला तरी त्याच कुळातली, थोड्या वेगळ्या वासाची पाने मिळतात. बी ओलसर मातीवर नुसते पसरून बोटाने दाबावे, वर माती टाकू नये. भिजल्यावर त्याभोवती पारदर्शक बुळबुळीत थर येतो आणि त्यातच ते रुजते. सब्जा आणि तुळस या दोघींच्याही मंजिऱ्या येताच खुडाव्यात, नाहीतर झाडाची सगळी ताकद बियांत जाते. त्यांना रोज निदान चार-पाच तास ऊन हवे. देवघराशेजारच्या अंधाऱ्या कोपऱ्यात तुळस जगत नाही, तिला खिडकीतच मान द्यावा.

गवती चहासाठी ओळखीच्या कोणाकडून मुळासकट ठोंब मागून आणावा, कारण बाजारातल्या जुडीला बहुधा बुंधा नसतो. कढीपत्ता हे मुळात झाड आहे, खिडकीत त्याचे झुडूप करून ठेवावे लागते: निदान ३० सेंटिमीटर रुंदीची कुंडी, घरातली सर्वांत उन्हाची जागा, आणि हातभर उंची झाल्यावर शेंडा खुडणे. थंडीत त्याची वाढ थांबते व पाने गळतात, तेव्हा पाणी निम्म्यावर आणावे आणि खत बंद करावे. फेब्रुवारीनंतर तो पुन्हा फुटतो. आंबट ताक पाण्यात मिसळून घालण्याची पद्धत घरोघरी आहे, पण बंद घरात त्याला वास येतो आणि माश्या येतात, म्हणून मी गांडूळखतच वापरतो. ग्रिलमध्ये ठेवलेल्या कढीपत्त्यावर कधी पक्ष्याच्या विष्ठेसारखे दिसणारे छोटे सुरवंट आढळतात. ती फुलपाखराची पिल्ले आहेत. झाड मोठे असेल तर एखादी डहाळी त्यांना खाऊ द्यावी, लहान असेल तर त्यांना उचलून बाहेरच्या लिंबावर किंवा कढीपत्त्यावर सोडावे.

खत, कीड आणि शेगडी

पालेदार झाडांना महिन्यातून एकदा मूठभर गांडूळखत पुरते. चहाचा चोथा, भाज्यांच्या साली, तांदळाचे धुवण असे जे थेट कुंडीत घालण्याचा सल्ला दिला जातो, तो अंगणातल्या झाडांसाठी ठीक आहे. घरात मात्र साखर-दुधाच्या चोथ्याने मुंग्या लागतात आणि कुजणाऱ्या ओलसर थरात बारीक काळी चिलटे होतात. ही चिलटे दिसली तर मातीचा वरचा थर तीन-चार दिवस पूर्ण वाळू द्यावा आणि पिवळे चिकट कार्ड कुंडीत उभे करावे. माव्यासाठी, म्हणजे कोवळ्या शेंड्यांवर गर्दी करून रस शोषणाऱ्या बारीक किडीसाठी, फांदी नळाखाली उलटी धरून धुणे हा पहिला उपाय. पिठ्या ढेकूण कापसासारखा दिसतो, तो ओल्या कापडाने पुसून काढावा. त्यानेही भागले नाही, तर लिटरभर पाण्यात ५ मिलिलिटर कडुनिंबाचे तेल आणि भांडी घासायच्या द्रवसाबणाचे चार थेंब मिसळून संध्याकाळी फवारावे, पुढचा आठवडा त्या झाडाची पाने खुडू नयेत, आणि नंतर खुडताना ती नीट धुऊन घ्यावीत.

ओट्यावर, शेगडीच्या बाजूला कुंडी ठेवू नये. फोडणीच्या तेलाची वाफ पानांवर बसून चिकट थर होतो, त्यावर धूळ धरते आणि आचेने पानांच्या कडा वाळतात. ग्रिलमध्ये ठेवताना कुंड्या तारेने बांधाव्यात आणि पाणी घालण्याची वेळ खालच्यांचे कपडे वाळत नसतील अशी निवडावी.

बाहेरगावी जाताना

गणपतीला किंवा मे महिन्यात आठ-दहा दिवस घर बंद राहते, आणि वर्षभर सांभाळलेल्या कुंड्या त्या दिवसांत वाळतात. निघण्याआधी सगळ्या कुंड्या थेट उन्हातून मागे घेऊन एकमेकींना चिकटवून ठेवाव्यात. पाण्याची भरलेली बादली स्टुलावर, कुंड्यांपेक्षा उंच ठेवावी. जाड सुती दोरी आधी भिजवून तिचे एक टोक बादलीच्या तळापर्यंत सोडावे आणि दुसरे कुंडीच्या मातीत बोटभर खोल खोचावे. दर कुंडीला एक दोरी. नायलॉनची दोरी पाणी ओढत नाही. बादलीवर झाकण किंवा फडके बांधून डासांची वाट बंद करावी. दोरी किती पाणी ओढते हे तिच्या जाडीवर अवलंबून असते, म्हणून ही मांडणी निघण्याच्या दोन दिवस आधी करून पाहावी, आणि ताटलीत पाणी साचू लागले तर बारीक दोरी घ्यावी. पानओव्याला दोरी लावू नये. त्याला आठ-दहा दिवस पाण्याशिवाय राहण्याची सवय असते.